नदी पास झाली

सावेडी, अहिल्यानगर
दि. ४ मार्च २०२५

तीर्थरूप आबांस,

निकिताचा नमस्कार. नमस्कार नेहमीसारखा वाकूनच आहे. राग आहे तो त्याच्या खाली लिहिला आहे.

मी खुशाल आहे. खोलीवर पाणी एक दिवसाआड येतं आणि मेसमध्ये वांगं रोज येतं. आईने दिलेले शेंगदाण्याचे लाडू निम्मे गंधारने संपवले. गंधार म्हणजे आमच्या गाडीवर माझ्याबरोबर असतो तो, ज्याला त्या दिवशी तुम्ही वरून खालपर्यंत न्याहाळून दोनदा चहा पाजलात. तुमच्या मनात काय होतं ते मला कळलं होतं. त्याचं लग्न झालंय, आबा. त्याला मुलगी आहे.

दादाच्या सोयरिकीचं कुठवर आलं? कोपरगावची मंडळी घर बघायला येणार होती ना? ज्ञानेश्वरीचा फोटो आईने पाठवला, मुलगी छान वाटते. दादाला विचारलं तर तो फोनवर नुसता हसतो. तिशी उलटलेल्या माणसाने इतकं लाजू नये.

तुम्हाला वाटेल, हिला पत्र लिहायचं काय सुचलं. फोन केला की तुम्ही "जेवलीस का?" एवढं विचारता आणि फोन आईच्या हातात देता. आणि गेल्या आठवड्यापासून तर तुम्ही फोन उचलतच नाही. पत्र मध्येच तोडता येत नाही. आणि तुम्ही जमिनीचा फेरफार ज्या काळजीने वाचता त्या काळजीने हेही वाचाल, अशी आशा आहे.

विषय नदीचा आहे. तुम्हाला माहीतच आहे.

दोन उन्हाळे झाले, आपल्या डोहावर हिरवी साय धरते. वरच्या गावाचा नाला सरळ प्रवरेत सुटतो, पाणी अडवायला बंधाऱ्याला फळ्या टाकल्या की ते सगळं आपल्या घाटाशी येऊन थांबतं, आणि काठावरच्या विहिरीत झिरपून आपल्याच नळाला येतं. रोज घाटावर धुणं धुणाऱ्या साळूबाई मावशीचे पाय खाजून खाजून सोलले तेव्हा तक्रार करा म्हणून मी तुमच्या मागे लागले. तुम्ही पाणी समितीचे अध्यक्ष. तुम्ही नाही म्हणाला नाहीत. उन्हातान्हात घरोघर फिरून सह्या तुम्हीच गोळा केल्या, कशातच न पडणाऱ्या वाड्यावरच्या श्रीमंतकाकांचीसुद्धा सही आणलीत. तेव्हा मला तुमचा किती अभिमान वाटला होता ते मी बोलले नव्हते. आता लिहून ठेवते, कारण पुढे जे लिहायचंय ते वाचताना तुम्हाला ते खोटं वाटेल.

गावात तुम्ही मला "पाणी तपासणारी साहेब" म्हणता. मी साहेब नाही. कंत्राटावर आहे. ठरल्या ठिकाणी गाडीने जायचं, बाटल्या भरायच्या, बर्फाच्या पेटीत घालून प्रयोगशाळेत आणून द्यायच्या, हे माझं काम. या कामाला एकच नियम आहे: कुणाला न सांगता जायचं. आपल्या तक्रारीवर नमुना घ्यायचा हुकूम निघाला तेव्हा ती फेरी मी मुद्दाम मागून घेतली, आणि आईला फोन केला की परवा घरी येतेय, पिठलं कर. झालं. तेवढ्यावर तुम्ही गाव उठवलंत.

गाडी वेशीतून आत आली तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या फक्कीच्या रेघा. मला वाटलं कुणाचं लग्न आहे. पुढे फ्लेक्सवर माझाच फोटो, बारावीच्या हॉल तिकिटावरचा, आणि खाली "गावची कन्या, गावची शान". गंधार इतका हसला की ड्रायव्हरने गाडी थांबवली. घाट धुतलेला, पायऱ्यांवर रांगोळी, मारुतीच्या देवळापुढे मांडव, माईक. शाल, नारळ, तुमचं भाषण, श्रीमंतकाकांचं भाषण, मग मुख्याध्यापकांचं. मी खुर्चीवर हात जोडून बसले होते आणि पेटीतला बर्फ वितळत होता. शेवटी गंधार उठला, म्हणाला, तू बस, मी बाटल्या भरून येतो. खालच्या पायरीवर उभा राहून त्याने नमुना घेतला. ब्लीचिंग पावडरीचा वास आला त्याला. पण पायऱ्या नुकत्या धुतलेल्या दिसत होत्या, त्याला वाटलं त्याचाच वास असेल.

प्रयोगशाळेत रुचा मॅडम आहेत. त्यांनी मला बोलावलं आणि कागद पुढे सरकवला. म्हणाल्या, "निकिता, हा नमुना नदीचा आहे की सलाईनच्या बाटलीतला?"

आबा, नदीच्या पाण्यात जंतू असतातच. चांगल्यात चांगल्या नदीत असतात. आपल्या डोहात एकही निघाला नाही. पाण्यात घाण किती आहे ते मोजतात तेसुद्धा जंतूंच्याच जिवावर, ते ती घाण खातात तेव्हा पाण्यातली हवा किती संपली त्यावरून. खाणारेच मेले तर घाण दिसणार कशी? सगळे आकडे खाली. कागदावर आपली नदी भंडारदऱ्याच्या झऱ्याहून स्वच्छ.

मी दादाला फोन लावला. तो हसतच सुटला. "आगं, आबांनी लई बेस काम केलं. पंचायतीत पावडरीच्या हुत्या न्हवत्या तेवढ्या गोण्या आदल्या राती डोहात वतल्या. सकाळी पानी असं चकाचक! मग, पास झालो का न्हाई आपन?"

पास झालो, आबा. पहिल्या नंबराने पास झालो.

मला आधी हसू आलं, खरंच. मग इतका संताप आला की मी जिन्यात जाऊन बसले. तक्रार कुणाची? आपली. पाणी घाण आहे असं कोण म्हणत होतं? आपणच. मग तपासायला माणूस येतो म्हटल्यावर ते घाण दिसू नये म्हणून धावलं कोण? ताप आलाय म्हणून डॉक्टरकडे निघालेला माणूस दारातून परत फिरतो आणि ताप उतरायची गोळी खाऊन जातो, डॉक्टरसमोर कसं बरं दिसावं म्हणून. आणि डॉक्टरने "काही नाही झालंय" म्हटलं की पेढे वाटतो.

मला माहीत आहे हे कुठून आलं ते. ग्रामस्वच्छतेच्या स्पर्धेची समिती यायची तेव्हा तुम्हीच पुढे असायचा. भिंती रंगायच्या, उकिरडे झाकले जायचे, आणि आम्ही चौथीतली पोरं रांगेत उभी राहून "आम्ही जेवणाआधी साबणाने हात धुतो" म्हणायचो. शाळेत साबण नव्हता. आपला तालुक्यात पहिला नंबर आला त्या दिवशी तुम्ही मला खांद्यावर घेऊन नाचला होता. तेव्हापासून गावाला एकच सवय लागली. सरकारी गाडी दिसली की पास व्हायचं. कोण कशासाठी आलंय ते विचारायचं नाही.

त्याचं पुढे काय झालं तेही ऐका. तक्रार निकाली निघाली. "पाणी निकषात आढळले." वरच्या गावाला नाल्यावर शुद्धीकरण यंत्रणा बसवा म्हणून सांगायचं ठरत होतं, ते लोक आता हाच कागद दाखवून मोकळे होतील. म्हणतील, खालच्या गावाची नदी तर स्वच्छ आहे, आमचा नाला तुम्हाला का टोचतो? आपलेच दात आणि आपलेच ओठ. आणि दुसऱ्या दिवशी डोहात मरळ मासे पालथे पडून तरंगत होते, त्याचा फोटो दादानेच पाठवला. "बघ, केवढाले मासे हुते आपल्या नदीत," असं खाली लिहून.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी गिळलं असतं. पण ती पावडर पिण्याच्या टाकीची होती, आबा. ती संपल्यावर पुढची येईपर्यंत नळाला पाणी तसंच सुटत राहिलं. साळूबाई मावशी काविळीने श्रीरामपूरला दवाखान्यात आहे. नदीमुळे, नळामुळे की आणखी कशाने, मी सांगू शकत नाही, कुणीच खात्रीने सांगू शकणार नाही. पण तुम्ही तिला भेटायला गेला नाहीत हे मला आईने सांगितलं. तुम्ही कुणाच्याही दवाखान्यात पहिले जाणारे. "आबांना बोलू नको," असंही आई म्हणाली. म्हणून बोलत नाही, लिहितेय.

इथपर्यंत लिहून मी उठले, कपडे धुतले, खालच्या काकूंकडून उगाच कढीपत्ता आणला. खरं सांगायचं ते अजून सांगितलेलं नाही.

मी लिहून दिलंय, आबा. ऑफिसात. नमुना घेण्याआधी पाण्यात टीसीएल पावडर टाकलेली होती, हा अहवाल धरू नये, नमुना पुन्हा घ्यावा, असं. रुचा मॅडम म्हणाल्या, "अज्ञात व्यक्तीने टाकली असं लिही, घरचं माणूस आहे." त्या चांगल्या मनाने म्हणाल्या. पण अज्ञात व्यक्तीचा कागद कपाटात जातो आणि कपाटातून परत येत नाही, हे मी इथे बसून बघते. मी तुमचं नाव घातलं. समितीचे अध्यक्ष, सहादेव कारभारी वाकचौरे. लिहिलं, आणि खोडलं नाही.

म्हणजे आता तुम्हाला विचारणा येईल. तुम्ही "असं काही झालं नाही" असं लिहून पाठवलंत तर तिथेच विषय संपेल. सगळं गाव तुमच्या बाजूने सही करील, तेही माहीत आहे. मग खोटी मी ठरेन आणि जूनमध्ये माझं कंत्राट पुढे चालू होणार नाही. ते जाऊ द्या, नोकरी दुसरी मिळेल. पण डोहाचा नमुना पुन्हा कुणी घेणार नाही. एकदा पास झालेल्या नदीकडे कुणी बघत नाही.

आणि तुम्ही "हो, टाकली" असं लिहिलंत तर काय होईल, तेही मला कळतं. गावात तुमचं नाव खराब होईल. पेपरात छापून येईल. कोपरगावची मंडळी वाचतील. घाण पाण्याच्या गावात मुलगी कोण देतो, हे तुम्ही मांडवातच श्रीमंतकाकांना हळू आवाजात म्हणाला होता. माईक चालू होता.

तुम्ही हे माझ्यासाठी आणि दादासाठी केलंत. पोरगी साहेब होऊन येतेय, तिच्यापुढे गाव कसं चांगलं दिसलं पाहिजे. हे मला समजतं आणि त्यामुळेच जास्त राग येतो. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी चार शिव्या हासडून मोकळी झाले असते. तुमच्यावर धड रागावताही येत नाही.

लवकर लिहा. फोन करू नका, परत जेवण विचाराल.

तुमचं नाव कागदावर लिहिलेली, तरीही तुमचीच,
निकिता


बेलापूर रोड, वाकचौरे वस्ती
दि. १७ मार्च २०२५

चि. निकितास आबाचा आशीर्वाद.

पत्र पोचलं. उसाच्या बांधावर बसून चष्मा लावून वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा अर्ध्यावर घडी घालून खिशात टाकलं. पोटच्या पोरीने बापाचं नाव सरकारात दिलं, हे काही लवकर खाली उतरत नाही. आईला सांगितलं नाही. तिला आधीच माहीत आहे असं तिच्या तोंडावरून वाटलं. तुम्ही दोघी फोनवर माझ्यामागे काय काय बोलता ते देव जाणे.

मी तुला रागाचं पत्र लिहिणार होतो. चार ओळी लिहिल्याही होत्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्यात लिहिलं होतं. मग ९ तारखेच्या रविवारी कोपरगावची मंडळी आली, आणि ते पत्र तसंच राहिलं.

मुलीचे वडील, दोन चुलते आणि आत्या, पुष्पावतीबाई नावाच्या. तुझ्या दादाने, रामने, श्रीरामपूरवरून पाण्याचे जार आणले होते, पाहुण्यांपुरते. चहासुद्धा त्याच पाण्याचा करायचा असं त्याने आईला बजावलं होतं. पाहुणे टेकले, आईने गूळ-पाणी आणलं. आत्याबाईंनी तांब्या हातात घेतला, ओसरीच्या कोपऱ्यातल्या जारकडे बघितलं आणि विचारलं, "हे रोजचं हाय का पाव्हन्यांचं?"

राम म्हणाला, "रोजचंच हाय की."

त्या बाईने तांब्या खाली ठेवला. मला म्हणाली, "आबा, राग मानू नका. आमची पोरगी हितं येनार, चूल करनार, उद्या लेकरं व्हतील. ती जे पानी पिनार तेच मला द्या. नळाचं द्या."

मी उठलो. माठातून ग्लास भरला. भरला गं मी, निकिता. आणि तिच्यापुढे उभा राहिलो तर हात पुढे जाईना. साळूबाईचे पिवळे डोळे दिसायला लागले. तू लिहिलंस ते खरं आहे, मी तिला भेटायला गेलो नव्हतो. तोंड नव्हतं. गोण्या वतल्या तेव्हा टाकीचं काय, असं टाकी भरणाऱ्या माणसाने मला विचारलं होतं. मी म्हणालो होतो, आठ दिवसांनी काही मरत नाही कुणी.

आत्याबाई म्हणाल्या, "द्या की."

मी म्हणालो, "नका पिऊ."

मग सगळं सांगितलं. नाला, डोह, पावडर, तुझा सत्कार, सगळं. रामने मला दोनदा थांबवून बघितलं, "आबा, आता बस झालं," म्हणाला. माझ्याच्याने थांबवेना. मुलीचे वडील जमिनीकडे बघत होते. चहा घेतला त्यांनी, तो जारचा होता. जाताना आत्याबाई एवढंच म्हणाल्या, "पोरगी द्यायची का न्हाई ते घरी बसून ठरवू. पन इचारल्यावर खोटं बोलला न्हाई, ते ध्यानात ठेवू." अजून निरोप आलेला नाही. येईल असं मला वाटत नाही. राम माझ्याशी बोलत नाही, रात्री मळ्यातल्या खोपीवर झोपायला जातो. त्याचं बरोबर आहे. मी त्याला समजावायला गेलो नाही.

सरकारची विचारणा परवा आली. मी माझ्या हाताने लिहून दिलं की पावडर मी टाकली, माझ्या सांगण्यावरून टाकली, गावाचा त्यात दोष नाही. तुझा श्रीमंतकाका वाड्यावरून धावत आला. म्हणाला, "सहादेव, पोरीच्या नोकरीपायी गावाची अब्रू घालवतो व्हय?" मी म्हणालो, अब्रू डोहात हाय, जाऊन वास घे. नंतर वाईट वाटलं. अध्यक्षपद सोडलं आहे. तसं कुणी मागितलं नव्हतं, पण माझं मलाच बरं दिसेना.

साळूबाईला भेटून आलो. डोळे अजून पिवळे आहेत, पण उठून बसते. तिने मला काही विचारलं नाही, उलट "निकी बरी हाय का" म्हणून विचारलं. मी तिथे पाच मिनिटंही बसू शकलो नाही. टाकीत पावडर आता येते आहे, रोज मी स्वतः उभा राहून टाकून घेतो. अध्यक्ष नसलो तरी.

तू माझं नाव घातलंस ते आठ दिवस बोचत होतं. आता बोचत नाही असं म्हणणार नाही. पण "अज्ञात व्यक्ती" लिहिलं असतंस तर मी गप बसलो असतो, हे मला माझं माहीत आहे. गप बसलो असतो आणि तुला फोनवर जेवण विचारत राहिलो असतो.

आता एक मागणं आहे. नमुना घ्यायला परत माणसं येतील, तेव्हा तू येऊ नको. दुसऱ्या कुणाला पाठव. कधी येणार ते आईला सांगू नको, रामला नको, मला तर मुळीच नको. तू येणार असं नुसतं कळलं तरी मला घरात बसवणार नाही. पावडर टाकणार नाही, तशी शपथ घेतली आहे. पण पहाटे उठून घाट झाडीन, शेवाळ काढीन, काही ना काही करीनच. माझी लेक येतेय आणि नदी तशीच घाण, हे माझ्याच्याने बघवणार नाही. एवढ्या एका बाबतीत बापावर विश्वास ठेवू नको.

तुझा,
आबा